ग्लासडोअर, अ‍ॅम्बिशनबॉक्स आणि ब्लाइंड: साहेब कसा आहे ते यावरून कळतं का?

नव्या कंपनीचं ऑफर लेटर आलं की बहुतेक जण दोन गोष्टी शोधतात: हातात पगार किती पडेल आणि कंपनीचे रिव्ह्यू काय म्हणतात. हा आढावा दुसऱ्या शोधाचा, आणि तोही एकाच प्रश्नापुरता. साहेब जाच करणारा आहे का, ऑफिसचं वातावरण टॉक्सिक आहे का, हे नोकरी धरण्याआधी ग्लासडोअर, अ‍ॅम्बिशनबॉक्स आणि ब्लाइंड या, कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल निनावी लिहितात अशा, साइट्सवरून ओळखता येतं का? पगाराचे आकडे आणि मुलाखतीचे प्रश्न यांसाठी या साइट्स ठीकच आहेत. त्यात इथे शिरत नाही.

ओळखता येतं. पण पानाच्या माथ्यावर ठळक छापलेल्या ३.८ किंवा ४.१ या आकड्यावरून ते जवळपास कधीच कळत नाही.

आधी मालकी बघून घ्या. ग्लासडोअर २००७ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि २०१८ मध्ये जपानच्या रिक्रूट होल्डिंग्जने ती १.२ अब्ज डॉलरला विकत घेतली. 'इंडीड' ही नोकऱ्यांची साइटही याच रिक्रूटची. अ‍ॅम्बिशनबॉक्स ही नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एज समूहातली. म्हणजे कंपन्यांकडून भरतीच्या जाहिरातींचे पैसे घेणारं आणि त्याच कंपन्यांबद्दलची कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी छापणारं घर एकच. यात लगेच काळंबेरं शोधायला नको. पैसे घेऊन रिव्ह्यू काढत नाही, अशी ग्लासडोअरची जाहीर भूमिका आहे. पण पैसे मोजणारं गिऱ्हाईक कंपनी आहे, आपण नाही, एवढं वाचताना डोक्यात असू द्यावं. आपलं पान कसं दिसावं यावर कंपनी खर्च करू शकते, एखाद्या रिव्ह्यूवर हरकत घेऊ शकते, खाली उत्तर देऊ शकते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या हाती एक रिव्ह्यू, तेवढाच.

आता तो माथ्यावरचा आकडा. नाशिक किंवा पुण्यातल्या दीडशे माणसांच्या एखाद्या कंपनीचे बारा रिव्ह्यू आहेत आणि सरासरी २.५ आहे असं धरू. एचआरने एका आठवड्यात आठ नव्या पोरांकडून पाच-पाच तारे टाकून घेतले की वीस रिव्ह्यूंची सरासरी थेट ३.५ होते. जुना एकही रिव्ह्यू हटवावा लागत नाही. त्यात ग्लासडोअर सरासरी काढताना अलीकडच्या रिव्ह्यूंना जास्त वजन देते, म्हणजे ताज्या भरतीचा परिणाम आणखी चढा. हा प्रकार फक्त छोट्या कंपन्यांत चालतो असंही नाही. २०१९ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने ग्लासडोअरवरचे लाखो रिव्ह्यू तपासले, तेव्हा चारशेहून जास्त कंपन्यांच्या पानांवर एखाद्याच महिन्यात रिव्ह्यूंची संशयास्पद उसळी दिसली, आणि त्या उसळीत पाच ताऱ्यांचा भरणा होता.

म्हणून पान उघडल्यावर पहिलं काम म्हणजे क्रम 'नवे आधी' असा लावणं. साइट स्वतः वर आणून ठेवलेले 'लोकप्रिय' रिव्ह्यू सोडून द्या. मग फक्त तारखा बघत खाली या, मजकूर वाचूही नका. सहा महिने शांतता, मग दहा दिवसांत नऊ रिव्ह्यू, पुन्हा शांतता, असा नकाशा दिसला तर ते नऊ रिव्ह्यू मोजणीतून वगळा. बहुतेकदा त्या आठवड्याच्या जरा आधी एखादा लांबलचक, एक ताऱ्याचा, नेमक्या तपशिलांचा रिव्ह्यू सापडतो. बाकीची सगळी धावपळ तो खाली ढकलण्यासाठी झालेली असते. तो एक रिव्ह्यू पूर्ण वाचा, त्या पानावर त्याच्याइतकं कामाचं काही नसतं.

मागवून घेतलेले रिव्ह्यू ओळखायला फार डोकं लागत नाही. 'गुड वर्क कल्चर', 'सपोर्टिव्ह टीम', 'बेस्ट प्लेस टू लर्न', आणि तोटे या रकान्यात 'नथिंग' किंवा 'कॅन्टीन सुधारावं'. लिहिणाऱ्याचा हुद्दा ट्रेनी, इंटर्न किंवा खुद्द एचआर. नोकरीला वर्षही झालेलं नसतं. रुजू होण्याच्या पहिल्या आठवड्यात ओरिएंटेशनच्या फॉर्मबरोबर ही लिंक देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि रिलीव्हिंग लेटर अडलेल्या माणसाला 'जाता जाता एक चांगला रिव्ह्यू टाक' असं सुचवणाऱ्याही. पण प्रत्येक पोकळ रिव्ह्यू खोटाच असतो असं मानू नका. ग्लासडोअरवर सगळं वाचायचं तर आधी स्वतः काहीतरी लिहावं लागतं, असा तिचा नियम आहे. त्यामुळे केवळ दार उघडावं म्हणून दोन ओळी खरडून पुढे गेलेले लोकही त्यात असतात. असे रिव्ह्यू ना बाजूने धरावेत ना विरुद्ध.

एक तारा आणि पाच तारा दोन्ही तात्पुरते बाजूला ठेवून दोन आणि तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी वाचा. एक ताऱ्यात राग असतो, पाचात गरज किंवा दबाव. दोन-तीन तारे देणारा माणूस बहुधा तिथे दोन-तीन वर्षं राहिलेला, चांगलंही मान्य करणारा असतो, आणि 'पगार वेळेवर, काम शिकायला मिळतं, पण डिलिव्हरी हेड मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उद्धार करतो' असं वाक्य तोच लिहितो. या मधल्या ताऱ्यांत कोणीच नसेल, सगळी गर्दी एक आणि पाचवरच असेल, तर तिथे एकतर दोन तट पडलेत किंवा पाचवाले आणलेले आहेत. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मुलाखतीला सावध होऊन जायचं.

उपगुण माथ्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त बोलतात. ग्लासडोअरवर 'सीनियर मॅनेजमेंट' नावाचं वेगळं मोजमाप आहे. फक्त एकच आकडा बघायला वेळ असेल तर तो बघा. एकूण ३.९ आणि सीनियर मॅनेजमेंट २.९ असेल, तर टीममधले सहकारी बरे आणि वरचा मजला वाईट, असा त्याचा सरळ अर्थ. अ‍ॅम्बिशनबॉक्सवर मॅनेजमेंटचं असं वेगळं मोजमाप नाही. तिथे वर्क-लाइफ बॅलन्स, पगार, जॉब सिक्युरिटी, कल्चर, प्रमोशन, शिकणं आणि कामाचं समाधान असे रकाने आहेत. तिथे एकाऐवजी जोडी वाचायची. पगार चांगला आणि कल्चर खाली: त्रास सोसायचे पैसे मिळतात. वर्क-लाइफ चांगलं पण प्रमोशन आणि जॉब सिक्युरिटी दोन्ही खाली: काम कमी आहे, माणसं बेंचवर (प्रोजेक्टविना बसून) आहेत, आणि कोणाला काढायचं हे साहेबाच्या मर्जीवर ठरतं. ही दुसरी जोडी लोकांच्या नजरेतून हमखास सुटते, कारण वर्क-लाइफचा हिरवा आकडा बघून समाधान होतं.

ग्लासडोअरची सगळ्यात मोठी मर्यादा तिच्या नियमातच आहे. कंपनीचा सार्वजनिक चेहरा असलेले लोक, म्हणजे साधारणपणे सीईओ आणि त्या पातळीचे अधिकारी, एवढ्यांचीच नावं रिव्ह्यूत चालतात. मधल्या फळीतल्या मॅनेजरचं नाव लिहिलं तर रिव्ह्यू अडतो. बदनामीच्या दाव्यांपासून वाचायचं तर साइटला हे करावंच लागतं, त्यात तिला दोष देता येत नाही. पण नोकरी सोडायला लावणारा माणूस बहुधा हाच मधला मॅनेजर असतो, आणि तो या सगळ्यात अदृश्य राहतो. मग लिहिणारे आडून लिहितात: 'हिंजवडीचा ऑपरेशन्स हेड', 'यूएस अकाउंट सांभाळणाऱ्या मॅडम', 'मालकाचे नातेवाईक'. म्हणून रिव्ह्यू आपल्या शहरापुरते आणि विभागापुरते गाळून वाचले पाहिजेत. अ‍ॅम्बिशनबॉक्सवर हे गाळणं जास्त सोपं आहे, कारण बहुतेक रिव्ह्यूंवर हुद्दा, विभाग आणि शहर असतं.

गाळल्यावर तुलना करा. एकच तक्रार फक्त एका शहरातल्या एका विभागातून येत असेल तर दोष एका साहेबाचा. दुसऱ्या टीमची ऑफर असेल तर तेवढ्यावरून नाकारू नये. तीच तक्रार पुणे, इंदूर आणि हैदराबाद तिन्हीकडून, अकाउंट्सपासून सपोर्टपर्यंत सगळ्यांकडून येत असेल तर ते कंपनीचं धोरण आहे. आणि २०२१ मध्ये लिहिलेली तक्रार २०२५ मध्ये जशीच्या तशी आली असेल, तर वरच्यांना ती माहीत आहे आणि त्यांना ती चालते.

शब्दांकडे वळू. 'टॉक्सिक' या शब्दाला स्वतःची किंमत शून्य. हल्ली शनिवारी एकदा बोलावलं तरी लोक टॉक्सिक लिहितात. वजन पडताळता येणाऱ्या गोष्टींना द्यायचं: पगार सातला ठरलेला आणि वीसला होतो, शनिवारी बोलावतात पण कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी, देत नाहीत, दहा वाजता लॉगिन आणि रात्री साडेदहाला क्लायंट कॉल, सुट्टी मंजूर झालेली असताना आदल्या दिवशी रद्द, टार्गेट महिन्याच्या पंचवीस तारखेला बदलतं, आजारपणाच्या रजेत टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हजेरी मागतात. अशी दोन वाक्यं दोन वेगळ्या माणसांनी वेगळ्या वर्षांत लिहिली असतील तर खुशाल खरं माना.

काही शब्द मात्र दिसले की थांबलंच पाहिजे. त्यातला पहिला 'फोर्स्ड रेझिग्नेशन'. कंपनीने स्वतः काढलं तर, आणि माणूस कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरत असेल तर, नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागते. राजीनामा घेतला की हा खर्च वाचतो, शिवाय आकडेवारीत 'कपात' दिसत नाही. म्हणून बंद खोलीत किंवा व्हिडिओ कॉलवर 'आता लगेच मेल टाक, नाहीतर अनुभवपत्रात टर्मिनेशन लिहू' हा प्रकार होतो. दुसरा शब्द 'पीआयपी'. कामगिरी सुधारण्याची मुदत ही मुळात रास्त गोष्ट आहे. पण 'पीआयपीत गेलेला कोणीच परत आला नाही' असं दोन-तीन ठिकाणी वाचलं तर ती मुदत नव्हे, बाहेरचा दरवाजा आहे. तिसरा 'एफ अँड एफ', म्हणजे सोडताना होणारा शेवटचा हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या किंवा काढलेल्या माणसाचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. त्यानंतरच्या तारखेचे रिव्ह्यूही '४५ ते ९० दिवस', 'मेलला उत्तर नाही', 'फोन ब्लॉक' असंच सांगत असतील, तर ती कंपनी जाणाऱ्या माणसाशी कशी वागते ते कळलं. आपणही कधीतरी जाणारच असतो.

'बाँड' या शब्दावर फार घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. नोकरी सोडल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही, अशी अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. नोकरी ठरावीक वर्षं करण्याचा बाँड मात्र वेगळा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा रिव्ह्यूत 'मूळ कागदपत्रं ठेवून घेतात', 'कोरा चेक घेतात' असं दिसलं तर बाँडची रक्कम आणि मुदत ऑफर लेटरमध्ये लेखी मागा. आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका कोणाच्याही कपाटात ठेवायला देऊ नका.

कंपनीची उत्तरं हा वाचायचा सगळ्यात रंजक भाग. प्रत्येक रिव्ह्यूखाली तोच मजकूर, 'आपला अभिप्राय मोलाचा आहे, एचआरला मेल करा', असेल तर ते फक्त आळशीपण. पण 'हा कर्मचारी कामगिरी नसल्यामुळे काढलेला आहे', 'अशा लोकांवर कायदेशीर कारवाई होईल' अशी उत्तरं असली तर दोन गोष्टी कळतात. निनावी रिव्ह्यू कोणाचा हे शोधायचा प्रयत्न तिथे होतो, आणि चारचौघांत माणसाचा पाणउतारा करणं तिथे गैर मानलं जात नाही. जी गोष्ट मॅनेजमेंट जगासमोर लिहिते ती बंद दाराआड सौम्य होत नाही. याउलट, 'शिफ्ट अलाउन्सची तक्रार बरोबर होती, एप्रिलपासून दर बदलला' असं नेमकं उत्तर दुर्मीळ, पण असलं तर त्याला भरपूर गुण द्या.

साइटनुसार पाहिलं तर भारतीय बँका, विमा, बीपीओ, शोरूम, औषध कंपन्यांची विक्री, मध्यम आकाराचे कारखाने यांच्यासाठी अ‍ॅम्बिशनबॉक्स पुढे आहे. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल असणारा मोठा वर्ग तिच्याकडे येतो, त्यामुळे छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, नागपूर इथल्या शाखांचेही रिव्ह्यू सापडतात. मजकूर मात्र तोकडा, एकेका ओळीचा. ग्लासडोअरवर परदेशी कंपन्या, सल्लागार संस्था, प्रॉडक्ट कंपन्या यांचं लिखाण लांब आणि तपशिलाचं. 'मॅनेजमेंटला सल्ला' हा तिचा तिसरा रकाना फार लोक वाचत नाहीत, पण मनातलं तिथेच बाहेर पडतं.

ब्लाइंडची जात वेगळी. २०१३ मध्ये दक्षिण कोरियात सुरू झालेल्या या अ‍ॅपवर कंपनीच्या ईमेलने ओळख पटवावी लागते, म्हणून बोलणारा खरोखर तिथलाच आहे एवढी खात्री असते. २०१४ मध्ये कोरियन एअरच्या मालकाच्या मुलीने, नट बशीऐवजी पाकिटात दिले म्हणून, न्यूयॉर्कमध्ये विमान गेटकडे परत फिरवायला लावलं. ते प्रकरण चव्हाट्यावर येण्यात ब्लाइंडवरच्या चर्चेचा हात होता. बंगळुरू, हैदराबाद, पुणे किंवा अमेरिकेतल्या मोठ्या टेक कंपनीत जायचं असेल तर एखादी ठरावीक टीम कशी आहे, कुठल्या ऑर्गमध्ये, म्हणजे विभागात, दर तिमाहीला पीआयपी वाटतात, हे इथे थेट विचारता येतं. भाषा उर्मट, चर्चा सदैव पॅकेजची, आणि निराशा जरा जास्तच. मध्यम भारतीय कंपन्यांसाठी इथे जवळपास काहीच नाही. एक धोका आधीच सांगतो: ओळख पटवणारा मेल ऑफिसच्या इनबॉक्समध्ये येतो, आणि ऑफिसचा मेल आयटी विभागाला दिसू शकतो. २०१८ च्या अखेरीस ब्लाइंडचा एक सर्व्हर उघडा राहून वापरकर्त्यांची माहिती बाहेर दिसत होती, हेही विसरू नये.

साइट्सवरचं काम झालं की पडताळणी. इथे फुकट मिळणारी तीन साधनं रिव्ह्यूंपेक्षा भरवशाची आहेत, आणि एचआरच्या आवाक्याबाहेरची.

पहिलं, ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, पोर्टलवरचं 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'. लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव किंवा पीएफ कोड आणि कॅप्चा टाकला की आस्थापनांची यादी येते. आपल्या पत्त्याची ओळ निवडून 'व्ह्यू डिटेल्स' आणि मग 'पेमेंट डिटेल्स' उघडायचं. कुठल्या महिन्याच्या पगाराचा पीएफ कोणत्या तारखेला जमा झाला, रक्कम किती आणि कर्मचारी किती, हे महिन्यागणिक दिसतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तो सतत दीड-दोन महिने उशिरा जात असेल तर पगारही रखडतो, असं धरून चाला. रोकड नसलेल्या कंपनीत साहेब लोकांचा पाराही चढलेलाच असतो. कर्मचारी संख्या आठ महिन्यांत १८० वरून १२० वर आली आणि मुलाखतीत 'आम्ही झपाट्याने वाढतोय' सांगितलं, तर हा तक्ता समोर ठेवून प्रश्न विचारता येतो.

या तक्त्याच्याही खाचाखोचा आहेत. स्वतःचा पीएफ ट्रस्ट असलेल्या मोठ्या कंपन्यांचा हिशेब इथे असा दिसत नाही. वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला पीएफ सक्तीचा नाही. पंधरा हजारांवर मूळ वेतन असलेला आणि आधी कधीच पीएफ सभासद नसलेला माणूस वगळला जाऊ शकतो. कंत्राटी कामगार कंत्राटदाराच्या कोडवर असतात. एका कंपनीचे दोन-तीन कोड असू शकतात, ते सगळे बघावे लागतात. आणि आकडा स्थिर असणं म्हणजे माणसं स्थिर असणं नव्हे: साठ गेले, साठ आले, तरी दीडशेचे दीडशेच.

ही गळती मोजायला दुसरं साधन, पण फक्त शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांसाठी. बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून बीआरएसआर हा, कंपनीच्या जबाबदारीचा आणि शाश्वततेचा, अहवाल सक्तीचा केला आहे. वार्षिक अहवालाच्या पीडीएफमध्ये 'टर्नओव्हर रेट' शोधा. कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीची टक्केवारी सलग तीन वर्षांची, स्त्री-पुरुष वेगवेगळी मिळते. पुरुषांची १४ आणि स्त्रियांची २६ असं काही दिसलं तर तो आकडा कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा स्पष्ट बोलतो. त्याच अहवालात कामाच्या परिस्थितीबद्दलच्या आणि लैंगिक छळाच्या तक्रारींची संख्या असते. दहा हजार माणसांच्या कंपनीत दोन्हीकडे शून्य असेल तर कौतुक करू नका. तिथे तक्रार करायला लोक धजत नाहीत, ही शक्यता जास्त.

तिसरं लिंक्डइन. कंपनीच्या पानावर 'पीपल' मध्ये जाऊन आपला होणारा हुद्दा टाका, मग सर्चमध्ये 'पास्ट कंपनी' लावून तोच हुद्दा पुन्हा शोधा. त्या जागेवरची मागची चार माणसं सात, नऊ, आठ, अकरा महिन्यांत गेली असतील तर जागा रिकामी का आहे ते वेगळं विचारायला नको. तरी विचाराच: 'या जागेवर आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहेत?' उत्तर ऐकण्यापेक्षा कोण उत्तर देतं, एचआर की होणारा साहेब, आणि गेलेल्या माणसाबद्दल कसं बोलतो, ते बघायचं. सोडून गेलेल्यांपैकी दोघांना थेट मेसेज करा. प्रश्न मोघम नको. 'कसं आहे तिथे?' ला 'ठीक आहे' हेच उत्तर येतं. 'रजा मागितल्यावर काय व्हायचं?' याला खरं उत्तर येतं.

काही गोष्टी यातल्या कशातच दिसत नाहीत. २०२४ मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंगच्या समूहात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या एका तरुण सीएचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर पसरलं. त्यानंतर कामगार खात्याने पाहणी केली, तेव्हा ते कार्यालय २००७ पासून राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी न करताच चालू असल्याचं समोर आलं. जगभरात नाव असलेल्या कंपनीच्या रिव्ह्यू पानावर ब्रँड, शिकायला मिळणं, पुढच्या नोकरीला होणारा फायदा यांचे तारे इतके असतात की कामाच्या तासांची तक्रार त्यांत बुडून जाते. नावाजलेल्या कंपन्यांचं पान वाचताना म्हणून तोट्यांचा रकाना तेवढाच वाचावा, दहा-वीस पानं मागे जाऊन.

रिव्ह्यू लिहिणाऱ्यांसाठी थोडं. निनावी म्हणजे अगदीच अज्ञात असं नसतं. २०२२ मध्ये झुरू या खेळण्यांच्या कंपनीच्या मागणीवरून कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने ग्लासडोअरला रिव्ह्यू लिहिणाऱ्यांची ओळख उघड करायला सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये, फिशबोल हे अ‍ॅप जोडून घेतल्यानंतर, ग्लासडोअर वापरकर्त्यांच्या खात्याला त्यांचं खरं नाव जोडते आहे यावरून गदारोळ झाला. रिव्ह्यूवर नाव दिसत नाही, पण ते साइटकडे साठलेलं असू शकतं. तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचं वायफाय, ऑफिसचा मेल यांपैकी काहीही वापरू नका. शेवटचा हिशेब, अनुभवपत्र आणि फॉर्म १६ हातात येईपर्यंत थांबा. पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नसेल तर शेवटच्या जमा रकमेनंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर, म्हणजे पीएफ सभासदांच्या साइटवर, ती स्वतः भरता येते, तेही आधी उरका. मग कंपनीकडे अडवून धरण्यासारखं फारसं काही उरत नाही. पाच जणांच्या टीममध्ये असाल तर हुद्दा आणि महिना नेमका लिहू नका. 'चोर', 'फ्रॉड', 'गुंड' असले शब्द टाळा: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा आजही गुन्हा आहे, आणि 'मार्चचा पगार २२ एप्रिलला झाला' हे वाक्य 'लुटारू कंपनी' पेक्षा सुरक्षितही आहे आणि वाचणाऱ्याच्या जास्त कामाचंही. क्लायंटचं नाव, प्रोजेक्टचं नाव, अंतर्गत मेलचा स्क्रीनशॉट यांपैकी काही टाकलं तर गोपनीयतेच्या करारात अडकाल.

आणि रिव्ह्यू हा तक्रार अर्ज नाही. थकलेल्या पगारासाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय, पीएफसाठी ईपीएफओचं तक्रार पोर्टल, लैंगिक छळासाठी कंपनीची अंतर्गत समिती किंवा शी-बॉक्स हे सरकारी तक्रार पोर्टल. शेवटच्यात घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, समितीने कारण मान्य केलं तर आणखी तीन महिने. ग्लासडोअरवर मन मोकळं करण्यात ही मुदत घालवू नका.

आमचे गुण असे: भारतीय कंपन्यांतल्या साहेबांचा अंदाज घ्यायला अ‍ॅम्बिशनबॉक्स पाचपैकी तीन, ग्लासडोअर साडेतीन, मोठ्या टेक कंपन्यांपुरतं ब्लाइंड चार आणि इतरांसाठी एक. ईपीएफओच्या तक्त्याला साडेचार. अर्धा गुण कापला तो कॅप्चासाठी.

पण चाकणच्या कंत्राटी ऑपरेटरला, पतसंस्थेतल्या लिपिकाला, खाजगी क्लासच्या शिक्षिकेला, तालुक्याच्या हॉस्पिटलमधल्या नर्सला या तिन्ही साइट्सचा उपयोग जवळपास शून्य. त्यांच्या कामाच्या जागांचं पानच तिथे नसतं, किंवा असलं तर दोन रिव्ह्यू असतात आणि त्यातला एक मालकाच्या पुतण्याचा. तिथे गुगल मॅपवरचे रिव्ह्यू बघा, मराठीत लिहिलेले आधी. गिऱ्हाइकांच्या तक्रारींत 'दर महिन्याला नवीन माणूस असतो' असं सापडतं. मग शिफ्ट सुटायच्या वेळी गेटबाहेरच्या टपरीवर उभं राहून तीन गोष्टी विचारा: पगार कितव्या तारखेला होतो, ओव्हरटाइम दुप्पट मिळतो की साधा, आणि सुपरवायझर कोणता चांगला. तिसऱ्याचं उत्तर देताना लोक हसले, तर बाकीच्या दोन उत्तरांवर फार विसंबू नका.